मोबाईल कुणाला बाद करत नाही

पिंपरी-चिंचवडमधल्या एका मैत्रिणीचं चार पानी पत्र आलं आहे. थोडक्यात देते. मुलाचं नाव बदललं आहे.

"ताई, माझा मुलगा ईशान साडेआठ वर्षांचा आहे, तिसरीत. धाकटी चार वर्षांची. आम्ही दोघं नोकरी करतो. मी सातला घरी येते, नवरा साडेआठला. घरी सासूबाई असतात. ईशान साडेतीनला शाळेतून आला की जो मोबाईल धरतो तो मी येईपर्यंत. जेवताना मोबाईल, संडासात मोबाईल. काढून घेतला की आकांडतांडव. गेल्या महिन्यात मी फोन कपाटात कुलूप लावून ठेवला. चौथ्या दिवशी त्याने आजीच्या अंगावर ताट भिरकावलं. मी घाबरले आणि देऊन टाकला. आता धाकटीही फोनशिवाय घास घेत नाही. सासूबाई म्हणतात, आमची पोरं अंधार पडेपर्यंत घरात दिसायची नाहीत. पण याला खाली पाठवलं तर दहा मिनिटांत वर येतो. एकदा सोसायटीतल्या मुलांबरोबर क्रिकेट खेळायला गेला होता. त्यांनी बॅटिंगच दिली नाही, चेंडू आणायला पळवलं, झेल सुटला तर हसले. नवरा म्हणतो फुटबॉलचा क्लास लावू. जुन्या खेळांनी मुलं मोबाईलपासून सुटतात असं ऐकलं. खरं आहे का? आणि आताच्या मुलांना ते आवडतील का?"

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत त्यात मोबाईल आहे, पण मी अडकले ती क्रिकेटच्या दोन ओळींवर. तुम्ही त्या जाता जाता लिहिल्या आहेत. बॅटिंग दिली नाही, चेंडू आणायला पळवलं, झेल सुटला तर हसले. ईशानच्या बाजूने बघितलं तर सगळं पत्र या दोन ओळींतच आहे.

मी एकतीस वर्षं शाळेत खेळाचे तास घेतले. त्यातली पहिली कितीतरी वर्षं मी एक चूक करत होते, ती आठवली की अजून टोचते. दोन कॅप्टन उभे करायचे आणि त्यांनी आळीपाळीने एकेक गडी वेचायचा, अशी माझी पद्धत. शेवटी दोन-तीन मुलं उरायची, आणि दर तासाला तीच उरायची. त्यांतला चौथीतला एक मुलगा खेळाचा तास आला की हटकून म्हणायचा, "बाई, पोटात दुखतंय." मी त्याला पाण्याच्या टाकीपाशी बसवायचे. जवळजवळ वर्षभर बसवलं. एक दिवस शिपाईमामा रजेवर होते म्हणून मैदान आखायला मी फक्कीचा डबा त्याच्या हातात दिला. त्याने सुतळी ताणली, गुडघ्यांवर सरकत सरकत खो-खोच्या पाट्या अशा सरळ आखल्या की सातवीची मुलं बघायला आली. त्या दिवशी पोट दुखलं नाही. पोराला मैदान हवंच होतं, सगळ्यांदेखत उरायचं तेवढं नको होतं. तेव्हा घरोघरी मोबाईल असते तर तोही टाकीपाशी कशाला बसला असता?

मोबाईल कुणाला बाद करत नाही. गेममध्ये मेलं तरी तीन सेकंदांत नवा जीव मिळतो, आणि मेलेलं कुणी बघितलेलं नसतं. रील बघताना तर हरण्याचा प्रश्नच येत नाही. दुखावलेल्या मुलाला याहून सोयीची जागा कुठे मिळणार? तुम्ही कपाटाला कुलूप लावलंत तेव्हा त्याची ती एकुलती एक बिनधोक जागा गेली, आणि बदल्यात हातात काही आलं नाही. चौथ्या दिवशी तो भडकला याचं मला नवल वाटत नाही. ताट भिरकावणं चूकच, त्याबद्दल पुढे लिहिते.

आता तुमचा प्रश्न. नुसती लगोरी घरात आणून ठेवली म्हणून कुणी मोबाईलपासून सुटत नाही. रंगीत लाकडी लगोरीचे संच हल्ली ऑनलाइन मिळतात, आणि आठ दिवसांनी माळ्यावर जातात. पण आपल्या जुन्या खेळांत एक गोष्ट अशी आहे, जी ईशानला आत्ता फार हवी आहे. कच्च्या गड्याला सांभाळून घ्यायची सोय त्या खेळांच्या नियमांतच आहे.

'कच्चं लिंबू' आठवतं ना? ताईच्या मागे लागून आलेलं शेंबडं पोर. त्याला खेळात घ्यायचं, पळू द्यायचं, पकडल्यासारखं करायचं, पण त्याच्यावर राज्य येत नाही. कुणा मोठ्या माणसाने शिकवलेलं नव्हतं हे. मुलांनीच एकमेकांसाठी केलेला कायदा होता. कच्चं लिंबू दोन वर्षं मोठ्यांच्या पायांत पायांत पळायचं, बघता बघता खेळ शिकायचं, आणि एक दिवस स्वतःच म्हणायचं, "मी आता कच्चं लिंबू नाही, माझ्यावर राज्य द्या."

किंवा विषामृत घ्या. ज्याच्यावर राज्य, तो हात लावून म्हणतो "विष", की तुम्ही जागच्या जागी खिळलात. हात-पाय हलवायचे नाहीत. पण तुमचा खेळ संपलेला नसतो. तुमचा कुणीतरी गडी जिवावर उदार होऊन, राज्यवाल्याला हुलकावणी देऊन तुमच्यापर्यंत येतो, पाठीवर थाप मारतो आणि ओरडतो, "अमृत!" मी हजारो मुलांचे चेहरे त्या क्षणी पाहिले आहेत. एक पाय पुढे, एक मागे, हात अर्धवट वर, अशा अवस्थेत मूल खिळलेलं असतं आणि डोळे मात्र गरागरा फिरत असतात, कोण येतंय, कोण येतंय. आणि वर्गात ज्याच्याशी कुणी बोलत नाही असं पोर सोडवायला आलं, तर मधल्या सुट्टीत त्या दोघांचा डबा एकत्र उघडतो. ईशानला कुणीतरी अमृत द्यायला हवं आहे. शब्दशः म्हणते मी हे.

शिवाय या खेळांत राज्य फिरतं राहतं. आज ज्याच्यावर राज्य, उद्या तो लपणार. दमलं तर टाइमप्लीज घेता येते, बुटाचा बंद बांधून पुन्हा आत येता येतं. क्रिकेट वाईट खेळ आहे असं मी म्हणत नाही, पण सोसायटीतल्या क्रिकेटमध्ये ज्याची बॅट त्याची सत्ता असते, आणि कोण चांगला, कोण बंडल, हे आधीच ठरून गेलेलं असतं. ईशान त्या उतरंडीत तळाला बसला आहे. तिथूनच त्याला पुन्हा चढायला लावू नका. लगोरीचा क्लास कुणी लावलेला नाही, डबा ऐसपैसचं कोचिंग कुणी घेतलेलं नाही. तिथे त्या बॅटवाल्या मुलालाही पहिल्या दिवशी नेम लागत नाही. सगळे एका ओळीत उभे राहतात. याच कारणासाठी फुटबॉलच्या क्लासला मी आत्ता नाही म्हणेन. क्लासमध्ये पुन्हा निवड आली, पुन्हा बाकावर बसणं आलं. सहा महिन्यांनी त्याने स्वतः मागितला तर जरूर लावा.

सुरुवात कुठून करायची? दिवाळी तीन आठवड्यांवर आली आहे, तेव्हा किल्ल्यापासून करा. किल्ल्यात कुणी बाद होत नाही, आणि कामं इतकी असतात की प्रत्येक हाताला काहीतरी सापडतं. सोसायटीच्या कोपऱ्यात किंवा जिन्याखाली जागा मागून घ्या. एका रविवारी तुम्ही, तुमचे यजमान आणि ईशान, तिघं मिळून दोन घमेली माती आणा. ती चाळायला सासूबाईंची जुनी चाळण द्या. विटा-दगडांचा डोंगर रचायचा, वर भिजवलेलं गोणपाट अंथरायचं, आणि त्यावर चिखलाचा लेप. हा लेप हातानेच द्यायचा, कोपरापर्यंत चिखल झाला पाहिजे. अळीव पेरून रोज पाणी शिंपडलं की तीन-चार दिवसांत हिरवळ उगवते. ती उगवली का हे बघायला मूल सकाळी उठल्या उठल्या खाली पळतं. तुम्ही कुणालाही बोलावू नका. चिखल दिसला की पोरं आपोआप जमतात. पहिल्या दिवशी दोघं येतील, तिसऱ्या दिवशी सहा. कुणी विचारलं, "आम्ही पण करू?" तर उत्तर ईशानला देऊ दे. त्या आवारात पहिल्यांदाच कुणालातरी आत घ्यायचं की नाही हे त्याच्या हातात असेल.

किल्ला झाला की जमलेली पोरं पांगायच्या आत लगोरी काढा. विकतची नको. फरशीच्या दुकानात किंवा जवळच्या बांधकामावर तुकडे मागा, कुणीही देतं. तळहाताएवढा सर्वांत मोठा, आणि वर वर लहान होत गेलेले, असे सात. कडा खडबडीत दगडावर घासून बोथट करा, म्हणजे हात कापणार नाहीत. हे घासण्याचं कामही मुलांनाच द्या, त्यात एक संध्याकाळ जाते आणि लगोरी 'आपली' होते. चेंडू मऊ रबराचा, किंवा जुना मोजा चिंध्यांनी भरून शिवलेला. त्याने काच फुटत नाही आणि पाठीत बसला तरी लागत नाही.

लगोरी मी पुढे ठेवते त्याला कारण आहे. त्यात नेमबाज लागतो, पळणारा लागतो आणि शांतपणे रचणारा लागतो. ईशान पळण्यात मागे असेल, पण त्याची बोटं मोबाईलवर चालतात ती काही कमी चपळ नाहीत. लगोरी फुटली, तुकडे चहूकडे उडाले, समोरचा गडी चेंडू घेऊन नेम धरतोय, आपले साथीदार त्याला चुकवायला ओरडतायत, आणि एक मूल उकिडवं बसून पाचव्यावर सहावा तुकडा ठेवतंय. बोटं थरथरतायत. सातवा ठेवला आणि ते ओरडलं, "लगोरीऽऽ!" हे एकदा घडलं की त्या मुलाला दुसऱ्या दिवशी खाली पाठवावं लागत नाही.

एक मात्र नक्की करा. पहिले पंधरा दिवस तुमच्यापैकी कुणीतरी खाली असायला हवं, आणि बाकावर नाही, खेळात. पहिलं राज्य तुम्ही घ्या. आई डोळे झाकून शंभर आकडे म्हणते, पोरं तिला चकवतात, डबा ऐसपैसमध्ये शर्टांची अदलाबदल करतात, आई चुकीचं नाव घेते आणि सगळी कंपनी "अंडं फुटलं" म्हणून नाचते, यात मुलांना किती आनंद होतो ते तुम्ही बघाल. मोठं माणूस हसत हसत हरतं, पुन्हा राज्य घेतं, आणि त्यात काही बिघडत नाही, हे ईशानला प्रत्यक्ष बघायला मिळू दे. तोंडाने सांगून ते पोचत नाही. पंधरा दिवसांनी हळूच बाजूला व्हा. मुलांची भांडणं सोडवायला धावू नका. चेंडू लागला की नाही यावर दहा मिनिटं वाद होईल, नियम बदलतील, एखादा चिडेल, "रडीचा डाव" होईल, आणि खेळ पुन्हा सुरू होईल. तो वादही खेळाचाच भाग आहे, तो त्यांचा त्यांना मिटवू द्या. फक्त कुणी एकालाच रोज धारेवर धरत असेल, तर मध्ये पडा.

आणि हात जोडून सांगते, खेळ चालू असताना व्हिडिओ काढू नका. मूल मोबाईल विसरून पळतंय आणि आई त्याच्यासमोर मोबाईल धरून उभी आहे, असं नको व्हायला.

वेळेची अडचण मला कळते. तुम्ही सातला येता आणि या दिवसांत सहा-सव्वासहाला सूर्य मावळतो. म्हणून शनिवार-रविवारची सकाळ तुमची आणि यजमानांची, आणि इतर दिवशी पाच ते साडेसहा सासूबाईंची. त्यांनी पळायचं नाही, कट्ट्यावर बसायचं आणि डब्यात भडंग किंवा शेंगदाण्याचे लाडू ठेवायचे. खेळ संपल्यावर सगळ्यांना एकेक. खाऊवर पोरं जमवण्यात काही कमीपणा नाही, आमच्या आज्यांनीही तेच केलं.

पाचची वेळ मी मुद्दाम लिहिली, सूर्य मावळायच्या आत बराचसा खेळ व्हावा म्हणून. घरात दिवे लावले तरी उजेड काहीशे लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो, बाहेर ढगाळ दिवशीसुद्धा तो हजारांत मोजला जातो, आणि वाढत्या वयात डोळ्यांना तो भरपूर उजेड मिळाला तर मायनस नंबर लागण्याचा धोका कमी होतो. तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांना रोज १२० मिनिटं उघड्यावर नेण्याचा कार्यक्रम राबवला, आणि वर्षानुवर्षं वाढत चाललेलं अंधूक दिसणाऱ्या मुलांचं प्रमाण खाली यायला लागलं. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते. विषामृत आणि लगोरीत ती आपसूक होते, कुणाला घड्याळ बघावं लागत नाही.

सासूबाई म्हणतात ते खरं आहे, पण "आमच्या वेळी" हे दोन शब्द ऐकले की आताची मुलं कान बंद करतात. त्यांना म्हणावं, सांगू नका, हातात घेऊन दाखवा. सागरगोटे काष्ठौषधीच्या दुकानात मिळतात, राखाडी, गुळगुळीत, गोटीएवढे. पाच घेऊन त्या जमिनीवर बसल्या, एक वर उडवला, खालचे उचलले आणि पडायच्या आत वरचा झेलला, असं निमूटपणे करत राहिल्या की ईशान मोबाईलवरून मान वर करून बघणारच. पहिल्या दिवशी बघेल, दुसऱ्या दिवशी म्हणेल, "दे, मी करतो." त्याला जमणार नाही. आजीला मात्र सत्तरीत जमतंय. ज्या आजीच्या अंगावर ताट फेकलं तिच्यापाशी मांडी घालून बसायला त्याला एक कारण मिळेल. पावसाच्या दिवसांसाठी आणि तुम्ही यायच्या आधीच्या त्या अर्ध्या तासासाठी याहून चांगलं काही मला सुचत नाही. भोवराही आणून ठेवा. त्याची जाळी, म्हणजे दोरी, गुंडाळायला शिकण्यातच चार दिवस जातात, पण एकदा तो जमिनीवर घूं करून उभा राहिला की मूल शंभरदा फिरवतं, आणि मग हातजाळीच्या, म्हणजे भोवरा हवेतच हातावर झेलण्याच्या, मागे लागतं. एकट्याने खेळायचा असल्यामुळे तिथेही हसणारं कुणी नसतं.

विटी-दांडू मात्र सोसायटीत नको. मला तो जिवापाड आवडतो, पण उडालेली विटी डोळ्याला लागली तर इजा कायमची होते. मे महिन्यात गावी, मोकळ्या माळावर, मोठ्यांच्या नजरेखाली खेळू दे. खो-खोला गडी खूप लागतात, तो शाळेवर सोडा. पण ईशानला दाखवायचंच असेल तर २०२५च्या जानेवारीत दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकाचे सामने टीव्हीवर लावून दाखवा. भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी तो जिंकला, आणि प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे. हे खेळ म्हणजे आजीच्या आठवणी नाहीत, आजही जग जिंकता येतं त्यांच्यावर, हे त्याला कळू दे.

आता घरातला मोबाईल. खेळ सुरू होऊन आठवडा-दहा दिवस होईपर्यंत तो पूर्ण बंद करू नका, वेळ बांधा. पाच ते साडेसहा फोन घरात कुणालाच दिसणार नाही, एवढंच आधी. त्यानंतर खेळून, हातपाय धुऊन आल्यावर पाऊण तास बघू दे, पण शक्यतो टीव्हीवर, बैठकीत, आणि ज्याला शेवट आहे असं काहीतरी. एक भाग, एक गोष्ट. रील आणि शॉर्ट्स पूर्ण बंद, कारण त्यांना तळच नाही. एक संपायच्या आत दुसरं सुरू होतं, तिथे थांबायला मोठ्यांनाही जमत नाही तर साडेआठ वर्षांच्या मुलाने कसं थांबावं? भारतातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना ५ ते १० वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला दोन तासांच्या आत म्हणते, ती वरची हद्द समजा. झोपायच्या आधी तासभर काही नको, आणि संडासात तर कधीच नाही.

"खाली खेळून आलास तर अर्धा तास मोबाईल देईन" असं चुकूनही म्हणू नका. बहुतेक घरांत हेच चालतं. त्याने खेळ होतो कारल्याची भाजी आणि मोबाईल होतो जिलबी. खेळ त्याच्या वेळेला, मोबाईल त्याच्या वेळेला, दोघांची गाठ मारायची नाही.

तुमच्या यजमानांना माझा निरोप द्या. ते साडेआठला येतात, दमलेले असतात, जेवताना त्यांच्या ताटाशेजारी फोन असतो का, हे तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत, पण मला वाटतं असावा. जेवणाच्या वेळी घरातले सगळे फोन एका टोपलीत, टोपली फ्रिजवर. ईशानच्या हाताने ती ठेवू द्या, आणि सर्वांत आधी बाबांचा फोन त्यात जाऊ द्या.

धाकटीचं त्यामुळे अर्धं सोपं होईल. ती चार वर्षांची आहे, तिच्या हातात पोळीचा तुकडा द्या, सांडू दे, सगळ्यांबरोबर बसवा. फोन नसल्यावर दोन-तीन दिवस कमी जेवेल. मधल्या वेळेचं बिस्कीट, चिवडा बंद ठेवलात तर भूक तिला शिकवेल. आजीला चिऊचा-काऊचा घास येतोच. आणि खाली तिला जरूर न्या. ती खरीखुरी कच्चं लिंबू. ईशानला सांगा, हिचा हात तू धर, हिला विष झालं तर अमृत तू द्यायचंस. स्वतः सोडवला जाण्याआधी दुसऱ्याला सोडवणं त्याला जास्त सोपं जाईल असं माझं मन सांगतं. त्याला स्वतःला मात्र कच्चं लिंबू म्हणू नका, साडेआठ वर्षांच्या मुलाला तो अपमान वाटतो.

ताटाबद्दल. पहिले आठ-दहा दिवस आरडाओरडा होणार, कदाचित आधीपेक्षा जास्त. तेव्हा समजावत बसू नका, मारू नका, आणि फोनही देऊ नका. मागच्या वेळी चौथ्या दिवशी फोन मिळाला, म्हणजे ताट फेकलं की फोन मिळतो हे तो शिकला. हे मी तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही, घाबरलेली कुठलीही आई तेच करेल. या वेळी हातापाशी फेकण्यासारखं काही ठेवू नका, धाकटीला आणि आजीला दुसऱ्या खोलीत पाठवा, आणि तुम्ही गप्प जवळ बसा. ओसरलं की पाणी द्या. मग सांडलेलं त्याने पुसायचं, तुम्ही मदत करायची. आजीजवळ माफी मागायची ती दुसऱ्या दिवशी, डोकं शांत असताना.

दीड-दोन महिने हे सगळं मनापासून करूनही तो कुणातच मिसळत नसेल, रात्री झोपत नसेल, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे जा, ते गरजेप्रमाणे बालमानसतज्ज्ञांकडे पाठवतील. इजा करू लागला तर दोन महिने थांबूही नका. डोळे मात्र आत्ताच तपासून घ्या. झेल सुटण्याचं कारण कधीकधी इतकंच असतं की चेंडू नीट दिसत नाही. माझ्या वर्गात असं दोनदा झालं, चष्मा लागला आणि मूल झेल घ्यायला लागलं.

राहिली सोसायटी. पार्किंगमध्ये "खेळण्यास सक्त मनाई" अशी पाटी तुमच्याकडेही असेल. भांडायला जाऊ नका. चार-पाच घरच्या आयांच्या सह्या घेऊन कमिटीला पत्र द्या, की पाच ते साडेसहा एवढा वेळ एका बाजूला गाड्या लावू नयेत, चेंडू कापडी असेल, आणि रोज एक मोठं माणूस हजर असेल. नेमका वेळ आणि जबाबदार माणूस दिसला की सेक्रेटरी सहसा नाही म्हणत नाहीत. त्या सह्या मागायला घरोघर जाल तेव्हाच तुम्हाला कळेल, आणखी किती घरांत एकेक ईशान फोन घेऊन बसला आहे. त्यांच्या आयांनाही खाली बोलवा.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. सागरगोटे आधी दोन दिवस त्यांनी एकट्याने खेळून हात बसवून घ्यावा. आणि दिवाळीनंतर मला पुन्हा लिहा. किल्ल्यावर अळीव नीट उगवले का, आणि सातवा तुकडा पहिल्यांदा कुणी ठेवला, ते मला वाचायचं आहे.